दोन विमान कंपन्या एक झाल्या, मग पायलटचं घर का हललं?

आपल्या ताज्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. ज्यांनी लोकलच्या गर्दीत एक इअरफोन लावून ऐकला आणि मधलं निम्मं निसटलं, त्यांच्यासाठी खास. बोलताना झालेले "अं" आणि "म्हणजे कसं" काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात घरातूनच करते. माझा मामेभाऊ पायलट आहे. आम्ही सगळी भावंडं त्याला दादा म्हणतो. त्याच्या कंपनीचं नाव सांगणार नाही, शेवटी त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. दादा राहतो नाशिकला, बेस मुंबई. वहिनी नाशिकच्या एका बँकेत आहे, मुलगी पाचवीत, मामा-मामी सोबत. ड्युटीच्या आदल्या दिवशी गाडी काढायची, कसारा घाट उतरायचा, मुंबईत मित्राच्या खोलीवर झोपायचं आणि पहाटे एअरपोर्ट. बरीच वर्षं हे चाललं आणि छान चाललं.

मग त्याची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली. गणपतीत आम्ही सगळे मामाकडे होतो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि दादा मोबाइल हातात धरून कोपऱ्यात बसलेला. ऑफिसचा मेल आला होता. तो जे विमान चालवतो, त्या प्रकारची सगळी विमानं टप्प्याटप्प्याने मुंबईतून हलवून दुसऱ्या शहरात नेणार होते.

मामी म्हणाली, "अरे, नोकरी आहे ना? पगार तोच आहे ना? मग तोंड का पाडून बसलायस?"

आणि पुढचा प्रश्न तिने विचारला, तो खरं तर आजचा अख्खा एपिसोड आहे. "विमान हलवलं तर हलवलं. ते उडतंच की! संध्याकाळी इथे येईलच. मग तुला का जावं लागतंय?"

दादा हसला, पण उत्तर दिलं नाही. दोन मिनिटांत देण्यासारखं ते नव्हतंच. आज मी ते देते.

बेस म्हणजे काय?

विमान कंपनीच्या भाषेत बेस म्हणजे पायलटची ड्युटी जिथे सुरू होते आणि जिथे संपते ते शहर. पायलट राहतो कुठे, याच्याशी कंपनीला घेणंदेणं नसतं. मुंबई बेसचा पायलट मुंबईहून निघेल, कोलकात्याला मुक्काम करेल, तिथून गुवाहाटी, दिल्ली करत परत मुंबईला येईल. बाहेरच्या मुक्कामाचं हॉटेल कंपनीचं, जेवणखाणाचा भत्ता कंपनीचा. पण मुंबईत? मुंबईत तुम्ही "घरी" आहात असं कंपनी धरते. तिथे हॉटेल नाही, भत्ता नाही. घरापासून बेसपर्यंत कसं यायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

अमेरिकेत तर हा प्रकार फार मोठा आहे. तिथे असंख्य पायलट एका शहरात राहतात आणि दुसऱ्याच शहरात त्यांचा बेस असतो. ते विमानानेच "कामावर" जातात. रिकामी सीट मिळाली तर तिच्यावर, नाहीतर कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर बसून. बेसच्या शहरात चार-सहा जण मिळून एक खोली भाड्याने घेतात आणि आळीपाळीने झोपतात. तिकडे तिला क्रॅश पॅड म्हणतात. आपल्याकडे कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना हे लगेच समजेल.

म्हणजे बेस बदलला की पगार तोच राहील, कंपनी तीच राहील, पण महिन्यातल्या किती रात्री स्वतःच्या घरी झोपायचं, ते बदलतं. दादाचं तोंड पडलं होतं ते या रात्रींसाठी.

ज्याच्या हातात बस, त्याच्या हातात ट्रक नाही

आता दुसरी गोष्ट. आपल्याला वाटतं पायलट म्हणजे पायलट, कुठलंही विमान चालवेल. तसं नसतं. प्रत्येक प्रकारच्या मोठ्या विमानासाठी वेगळी परवानगी लागते, तिला टाइप रेटिंग म्हणतात. एअरबस ए३२० च्या कुटुंबाला, म्हणजे ए३१९, ए३२०, ए३२१ या सगळ्यांना, एकच रेटिंग चालतं. बोइंग ७३७ ला वेगळं. दोन्ही विमानं साधारण सारख्याच आकाराची, सारख्याच मार्गांवर उडणारी. बाहेरून बघितली तर आपल्यासारख्याला फरकही कळत नाही. पण आत शिरलात तर एअरबसमध्ये पायलटच्या बाजूला जॉयस्टिकसारखी छोटी काठी असते, आणि ७३७ मध्ये समोर मोठा दांडा आणि त्यावर अर्धवट स्टिअरिंगसारखं चाक. विमानाच्या कॉम्प्युटरचा विचार करण्याचा ढंगही वेगळा.

एकातून दुसऱ्यात जायचं तर आधी वर्गातला अभ्यास, मग सिम्युलेटर, मग परीक्षा, मग खऱ्या प्रवाशांसह प्रशिक्षकाच्या नजरेखाली उड्डाणं. यात कित्येक आठवडे जातात. त्या काळात हा माणूस कंपनीच्या रोस्टरवर नसतो, पण पगार चालू असतो. त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी भरायची असते. आणि बहुतेक कंपन्यांत एक पायलट एका वेळी एकाच प्रकारच्या विमानावर असतो.

त्यामुळे कंपनीकडे "हजार पायलट" असतात असं म्हणणं तसं चुकीचंच. तिच्याकडे असतात खण. मुंबई-एअरबस-कॅप्टन हा एक खण. मुंबई-एअरबस-फर्स्ट ऑफिसर हा दुसरा. दिल्ली-बोइंग-कॅप्टन हा तिसरा. शहर, विमान आणि खुर्ची, या तिन्हींचा मिळून एक खण. मसाल्याच्या डब्यासारखं. तिखट संपलं तर हळद घालून चालत नाही.

आणि प्रत्येक खणात थोडी माणसं राखीव ठेवावी लागतात. कुणी आजारी पडलं, कुणाच्या ड्युटीचे तास संपले, तर फोन आल्यावर धावत यायला. याला स्टँडबाय म्हणतात. गणित समजावं म्हणून आकडा धरू. समजा एका शहरात एकाच प्रकारच्या विमानांचे ८० कॅप्टन आहेत. दहा राखीव ठेवले तरी भागतं. आता त्याच ८० जणांचे दोन प्रकारच्या विमानांवर ४०-४० असे दोन गट केले, तर पाच-पाच राखीव पुरत नाहीत. कारण एअरबसचे सहा जण एकाच दिवशी आजारी पडले, तर बोइंगचे पाच राखीव नुसते बसून राहतील, उपयोग शून्य. मग दोन्हीकडे सात-आठ ठेवा. माणसं तेवढीच, उड्डाणं तेवढीच, पण घरी बसून पगार घेणारे वाढले.

मामीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. विमान संध्याकाळी मुंबईला येईल, खरंय. पण त्या प्रकारच्या विमानाचा एक छोटा खण मुंबईत, एक दिल्लीत, एक बंगळुरूत ठेवणं महाग पडतं. कंपनीला सगळे एका खणात हवे असतात. आणि विलीनीकरणानंतर अचानक खणच खण होतात, कारण दोन्ही कंपन्यांचे डबे एकत्र आलेले असतात.

अलास्काची गोष्ट: "आम्ही अभिमानाने बोइंगवाले"

आता खरं उदाहरण. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटल शहरात अलास्का एअरलाइन्स नावाची जुनी कंपनी आहे. तिच्या मोठ्या विमानांचा ताफा अख्खा ७३७ चा होता. इतका की विमानाच्या नाकाशी "आम्ही अभिमानाने पूर्ण बोइंगवाले" अशा अर्थाचं वाक्य रंगवलेलं असायचं. तिचे पायलट सिअ‍ॅटल, पोर्टलंड, अँकरेज आणि लॉस एंजेलिस इथे.

एप्रिल २०१६ मध्ये या कंपनीने व्हर्जिन अमेरिका विकत घ्यायचं ठरवलं. किंमत सुमारे २६० कोटी डॉलर. व्हर्जिन अमेरिका म्हणजे २००७ मध्ये उडायला लागलेली, सॅन फ्रान्सिस्कोवाली, जांभळ्या दिव्यांची स्टायलिश कंपनी. आणि तिचा ताफा? सगळा एअरबस! डिसेंबर २०१६ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि बोइंगच्या अभिमानाचं वाक्य मिरवणाऱ्या घरात साठेक एअरबस येऊन उभ्या राहिल्या.

एका रात्रीत विमानं बदलता येत नाहीत. बरीचशी भाडेकरारावर असतात, करार मोडला तर दंड. नव्या विमानांची ऑर्डर दिली तरी ती मिळायला वर्षं लागतात. शिवाय व्हर्जिनने आधीच मागवलेली दहा नवी ए३२१निओ विमानं यायची होती, ती २०१७ पासून येऊ लागली. मग अलास्काने काही वर्षं दोन्ही संसार चालवले. जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांना सरकारकडून एकच परवाना मिळाला, पण कॉकपिटच्या पातळीवर दोन जगं राहिली. व्हर्जिनचे लोक कॅलिफोर्नियात एअरबसवर, अलास्काचे लोक मुख्यतः उत्तरेकडे ७३७ वर. लॉस एंजेलिसमध्ये दोन्ही.

आता या दोन जगांत सगळ्यात चिघळणारा विषय कुठला? विमान नव्हे. यादी!

एक नंबर, सगळं आयुष्य

अमेरिकेतल्या विमान कंपन्यांत पायलटचं सगळं सिनिऑरिटी नंबरवर चालतं. कुठल्या शहरात बेस मिळणार, कुठलं विमान, कॅप्टन कधी होणार, दिवाळी... आपलं, ख्रिसमसची सुट्टी मिळणार की नाही, सगळं. ठरावीक काळाने कंपनी खणांमधल्या जागा जाहीर करते, पायलट आपली पसंती भरतात, आणि यादीतल्या वरच्या नंबरपासून वाटप सुरू होतं. आपल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासारखंच, फक्त मार्कांऐवजी नोकरीला लागल्याची तारीख.

कंपनी एकच असेल तर हे सोपं. दोन कंपन्यांच्या याद्या एकात मिसळायच्या म्हटल्या की डोकी तापतात. समजा नोकरीच्या तारखेने लावली. व्हर्जिन अमेरिका मुळात २००७ ला उडायला लागली. म्हणजे तिच्या पहिल्या फळीतला कॅप्टन, जो स्वतःच्या कंपनीत जवळजवळ पहिल्या नंबरवर होता, तो अलास्काच्या १९९० च्या दशकात लागलेल्या प्रत्येक माणसाच्या खाली जाणार. त्याला कदाचित सॅन फ्रान्सिस्को मिळणारच नाही. उलट, दोन्ही याद्यांतले वरचे वरच्यांशी, खालचे खालच्यांशी असे प्रमाणात मिसळले, तर अलास्कात वीस वर्षं घासलेला माणूस म्हणणार, "हा कालचा पोरगा माझ्या शेजारी कसा?"

दोघांचंही म्हणणं ऐकलं तर दोघंही बरोबर वाटतात. म्हणून तिथे शेवटी हे प्रकरण लवादाकडे जातं. पायलट संघटनेच्या नियमात तीन गोष्टी बघायला सांगितल्यात: विलीनीकरण झालं नसतं तर या माणसाचं करिअर कुठे गेलं असतं, त्याने किती वर्षं काम केलंय, आणि आज तो कुठल्या विमानावर कुठल्या खुर्चीत बसतो. अलास्का आणि व्हर्जिनची यादीही लवादातूनच ठरली.

एअरबस गेली, बेस राहिला

पुढे कोविड आला. विमानं जमिनीवर आली आणि अलास्काला हवी ती संधी मिळाली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने काही ए३२० विकून त्या बदल्यात ७३७ मॅक्स घ्यायचा करार केला. मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं की मोठ्या विमानांचा ताफा पुन्हा पूर्ण बोइंगचा करणार. जानेवारी २०२३ मध्ये शेवटची ए३२० गेली. ३० सप्टेंबर २०२३ ला ए३२१निओचं शेवटचं उड्डाण झालं आणि ती दहाही नवीकोरी विमानं अमेरिकन एअरलाइन्सकडे गेली.

कागदावर सुटसुटीत. पण खणांच्या हिशेबात बघा. प्रत्येक एअरबस पायलटला ७३७ शिकायला पाठवायचं. जितके दिवस तो शिकतोय तितके दिवस तो उडत नाही. सिम्युलेटर मोजके, प्रशिक्षक मोजके, आणि प्रशिक्षक म्हणजेसुद्धा रोस्टरवरून काढलेले पायलटच. एप्रिल २०२२ मध्ये अलास्काची भरपूर उड्डाणं रद्द झाली आणि ठरवलेले पायलट वेळेत प्रशिक्षणातून बाहेर न आल्याचं कंपनीनेच कबूल केलं. त्याला एकट्या एअरबसला दोष देता येणार नाही, कोविडनंतरची भरती होती, आजारपणं होती. पण प्रशिक्षणाची मोरी तुंबली की वरचं सगळं पाणी घरात येतं, हे तेव्हा दिसलं.

आणि बेसचं काय झालं? इथे गंमत आहे. एअरबस गेली तरी सॅन फ्रान्सिस्कोचा बेस गेला नाही! तो ७३७ चा बेस झाला. कारण अलास्काने व्हर्जिनला विकत घेतलं तेच मुळी कॅलिफोर्नियाच्या प्रवाशांसाठी. मार्ग राहिले, गर्दी राहिली, म्हणून बेस राहिला. पायलटला विमान बदलावं लागलं, घर बदलायची सक्ती झाली नाही.

याच्यापुढचा धडा ५ जानेवारी २०२४ ला मिळाला. पोर्टलंडहून निघालेल्या अलास्काच्या ७३७ मॅक्स ९ विमानाचा, दाराच्या जागी बसवलेला एक तुकडा हवेतच निखळून पडला. सुदैवाने सगळे वाचले. पण सरकारने अमेरिकेतली अशी १७१ विमानं जमिनीवर ठेवली, त्यातली ६५ अलास्काची. शेवटची एअरबस जाऊन फक्त तीन महिने झाले होते. एकच खण असला की डबा हलका होतो, पण त्या खणातलं बिघडलं की स्वयंपाकच थांबतो.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अलास्काने हवाईयन एअरलाइन्स विकत घेतली. तिच्याकडे काय होतं? एअरबस ए३३०, ए३२१निओ, बोइंग ७१७ आणि नवी ७८७. झाला परत मसाल्याचा डबा! मे २०२५ पासून हवाईयनची रुंद विमानं होनोलुलूऐवजी सिअ‍ॅटलहून टोकियोला उडू लागली. समुद्राकाठी राहणाऱ्या होनोलुलूच्या पायलटसमोर आता तोच प्रश्न आला: मोठं विमान हवं की घर हवं?

बेस हातातून जातो तेव्हा: सेंट लुईस

सगळ्या गोष्टी सॅन फ्रान्सिस्कोसारख्या संपत नाहीत. २००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दिवाळखोरीत गेलेली टीडब्ल्यूए ही कंपनी घेतली. टीडब्ल्यूएचं केंद्र सेंट लुईस. तिथल्या पायलटांपैकी मोठा भाग एकत्रित यादीच्या अगदी तळाला चिकटवला गेला. तिकडे यालाच "स्टेपल" करणं म्हणतात, म्हणजे एका यादीच्या शेवटच्या पानाला दुसरी यादी पिन मारून जोडायची. त्या बदल्यात त्यांना सेंट लुईसमध्ये कुंपण दिलं गेलं: या शहरात या खुर्च्या तुमच्या, बाकीच्यांनी यायचं नाही.

पण कुंपण होतं एका शहराभोवती. आणि शहरच आटलं तर? ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला, विमान व्यवसाय कोसळला. टीडब्ल्यूएची ७१७ विमानं अमेरिकनच्या ताफ्यात बसत नव्हती, ती गेली. तिची ७५७ विमानं होती, अमेरिकनकडेही ७५७ होती, पण इंजिनं वेगळ्या कंपनीची! म्हणजे नाव तेच, मेंटेनन्सचा संसार वेगळा. नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकनने सेंट लुईसची उड्डाणं जवळपास निम्म्यावर आणली. कुंपणाच्या आतल्या खुर्च्या आपोआप कमी झाल्या. कुंपणाबाहेर आलं की हे लोक तळाला, आणि नोकरकपात नेहमी तळापासून सुरू होते. टीडब्ल्यूएमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले लोक घरी बसले.

यातून एक कायदा झाला. सेंट लुईस ज्या राज्यात आहे त्या मिसूरीच्या दोन सिनेटरांनी, क्लेअर मॅकास्किल आणि किट बाँड यांनी, तो पुढे आणला. दोघं वेगवेगळ्या पक्षांचे, बरं का! २००७ च्या अखेरीस झालेल्या या कायद्याने सांगितलं की विलीनीकरणात सिनिऑरिटी याद्या न्याय्य पद्धतीनेच एकत्र करायच्या, नाही जमलं तर लवाद. कायद्याने यादी वाचवली. शहर वाचवणं मात्र कुठल्याच कायद्याच्या हातात नसतं.

आपल्याकडे: २०१२ चा संप

"हे सगळं अमेरिकेचं झालं," असं म्हणाल, तर थांबा. २००७ मध्ये सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. एक परदेशी जाणारी, मोठ्या बोइंगवाली. दुसरी देशात उडणारी, मुख्यतः छोट्या एअरबसवाली. विलीनीकरणाआधीच एअर इंडियाने २७ ड्रीमलायनर, म्हणजे ७८७, मागवली होती. ती येईपर्यंत कंपन्या एक झाल्या होत्या.

मग प्रश्न आला, ड्रीमलायनर चालवणार कोण? जुन्या एअर इंडियाचे पायलट म्हणाले, विमानं आमच्या कंपनीने मागवली, आमच्या बढतीचा हिशेब त्यांच्यावर आहे. जुन्या इंडियन एअरलाइन्सचे म्हणाले, आता कंपनी एकच आहे, आम्हालाही प्रशिक्षण द्या. सरकार म्हणालं, दोघांनाही. मे २०१२ मध्ये एअर इंडियाकडच्या पायलटांनी काम बंद केलं. तो संप ५८ दिवस चालला. शंभरएक पायलटांना काढून टाकण्यात आलं, परदेशी उड्डाणं रद्द होत राहिली, आणि जुलैच्या सुरुवातीला संप मिटला. पहिलं ड्रीमलायनर सप्टेंबरमध्ये उतरलं, ते दिल्लीत.

विलीनीकरण होऊन पाच वर्षं झाली होती, मंडळी! पाच वर्षं दोन याद्या, दोन संघटना, दोन पगाररचना. आणि ठिणगी कशावर पडली? नव्या विमानावर. म्हणून म्हणते, पायलटसाठी ताफ्याची बातमी ही घरची बातमी असते.

तुलनेला अलीकडचं बघा. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. दोन्हींकडे ए३२० चं कुटुंब आणि ७८७. म्हणजे टाइप रेटिंगची डोकेदुखी बरीच कमी. त्याच्या सव्वा महिना आधी, १ ऑक्टोबरला, एअर इंडिया एक्सप्रेस आणि जुनी एअरएशिया इंडिया एक झाल्या. पहिली केरळात वाढलेली, ७३७ वाली. दुसरी बंगळुरूची, ए३२० वाली. म्हणजे आपल्याच देशातलं अलास्का-व्हर्जिन. तिथल्या बेसकडे लक्ष ठेवा.

आपल्याला काय त्याचं?

कुणी म्हणेल, पायलटला गलेलठ्ठ पगार, करू दे थोडी धावपळ. ठीक आहे. पण एक प्रसंग ऐका. १२ फेब्रुवारी २००९, अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचं एक छोटं विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. तपासात मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादावर आला. पण त्याच तपासातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. फर्स्ट ऑफिसर राहायची सिअ‍ॅटलजवळ आणि तिचा बेस नेवार्क, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून, मेम्फिसमार्गे, रात्रभर प्रवास करून कामावर पोचली होती. थकव्याचा नेमका किती वाटा होता, हे सिद्ध करता येत नाही, असं तपास करणाऱ्यांनी लिहिलं. पण त्यानंतर अमेरिकेत पायलटच्या विश्रांतीचे नियम बदलले, ते २०१४ पासून लागू झाले.

बेस आणि घर यांच्यातलं अंतर पायलट स्वतःच्या झोपेतून भरतो. आणि आपण त्याच्या मागे सीट नंबर १४ एफवर चिप्स खात बसलेलो असतो.

पुढच्या वेळी बातमी वाचताना

विलीनीकरणाची बातमी आली की बहुतेक जण माइल्सचं काय होणार आणि तिकीट महागणार का, एवढंच बघतात. तुम्ही चार प्रश्न विचारा. दोघांची विमानं एका रेटिंगची आहेत का? वेगळी असतील तर कुठला प्रकार जाणार, आणि करार कधी संपतात? जाणारी विमानं कुठल्या शहरात आहेत, आणि ती गेल्यावर तिथे प्रवासी उरतात का? आणि यादी कोण लावणार? या चार उत्तरांवरून पुढच्या पाच वर्षांत कुणाचं घर हलणार, ते बऱ्यापैकी सांगता येतं.

आणि आपल्या श्रोत्यांत पायलट व्हायचं स्वप्न बघणारे बरेच आहेत, मेसेज येतात तुमचे. तुम्हाला एकच सांगते. पॅकेज विचाराल तेव्हा बेसही विचारा, आणि तो बेस कुठल्या विमानाच्या जिवावर उभा आहे, तेही.

दादाचं काय झालं? त्याच्यापुढे दोन रस्ते होते. तेच विमान चालवत नव्या शहरात जायचं, तिथे तो सिनिअर राहिला असता, चांगलं रोस्टर, हव्या त्या सुट्ट्या. किंवा मुंबईतच राहायचं, नवीन विमान शिकायचं आणि त्या खणात तळापासून सुरुवात करायची. स्टँडबाय, पहाटेच्या ड्युट्या, सणाला काम.

त्याने मुंबई घेतली. यंदा गणपतीत तो नव्हता, सिम्युलेटरवर होता. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल केला, हॉटेलच्या खोलीतून, मागे पलंगावर विमानाचं जाडजूड मॅन्युअल उघडं पडलेलं. मामीने मोबाइल बाप्पासमोर धरला आणि मग स्वतःकडे वळवून विचारलं, "काय रे, नवीन विमान कसं आहे?"

तो म्हणाला, "विमान बरंय गं आई. घाट तोच आहे, ते जास्त बरंय."

चला, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात, ओळखीत कुणी पायलट, केबिन क्रू किंवा इंजिनिअर असेल आणि बेस बदलल्याचा अनुभव असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात निवडक ऐकवीन. तोपर्यंत काळजी घ्या, आणि विमानातून उतरताना दारात कॅप्टन दिसला तर थँक्यू म्हणा. तो त्या रात्री घरी झोपणार आहे की नाही, कुणास ठाऊक!